लाल खडूतली चूक

आमच्या अहेरीत एक माणूस दर आठवड्याला टीव्हीवर मुद्दाम चुकायचा, आणि त्याची चूक कुणी पकडली नाही तर दोन-दोन दिवस त्याचं जेवणात लक्ष नसायचं. देवराव निकुरे गुरुजी. टीव्हीवर म्हणजे मुंबईच्या टीव्हीवर नाही, आमच्या. आमचं केबल होतं. आमचे हे खांबावर आणि मी ऑफिसात, अशी वाटणी. तार जोडायचं काम यांचं, लोकांच्या शिव्या खायचं माझं. त्यातच आमचं एक लोकल चॅनेल होतं. त्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छा, हरवलेली म्हैस, तेरवीचं आमंत्रण, कुणाच्या तरी दुकानाचं उद्घाटन, असं काहीबाही दिवसभर खालच्या पट्टीत चालायचं. आणि बाजाराच्या आदल्या संध्याकाळी सात वाजता अर्धा तास 'आठवडी फळा'. सोळा वर्षं चालला. तो बंद कसा पडला हे मला जितकं ठाऊक आहे तितकं कुणालाच नाही, आणि मलाही ठाऊक नसतं तर बरं झालं असतं.

गुरुजी आमच्याकडे पहिल्यांदा आले ते तक्रार घेऊन. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त होऊन महिनाही झाला नव्हता. दारात सायकल लावली, चप्पल बाहेर काढली आणि म्हणाले, "बाई, तुमच्या पट्टीत म्हैस हरवली लिवलं हाये. मालकाचं नाव हाये, गाव नाई. उद्या म्हैस सापडली त नेऊन द्याची कुठी?"

हे आत काहीतरी जुळवत बसले होते. तिथूनच ओरडले, "गुरुजी, मंग तुमीच येऊन सांगत जा ना टीव्हीवर!"

यांनी थट्टा केली होती. गुरुजींना थट्टा कळायची, पण सोयीची नसली तर कळायची नाही. पुढच्या आठवड्यात सायकलच्या कॅरिअरला आडवा फळा बांधून हजर.

तो फळा त्यांनी सुताराकडून मुद्दाम करून घेतला होता. त्यांची शेवटची शाळा आत जंगलात होती, पट कमी झाला म्हणून बंद झाली. नऊ पोरं उरली होती. भिंतीतला फळा काही काढून आणता येईना, म्हणून त्यांनी त्याचं माप दोरीवर घेतलं आणि अहेरीला येऊन तेवढाच फळा बनवला. ती शाळा वाचली असती, असं त्यांच्या बरोबरचे मास्तर म्हणायचे. दोन पोरं आई-बापाबरोबर मिरची तोडायला तेलंगणात गेली होती, परत येणार नव्हती. त्यांची नावं हजेरीत ठेवा, एवढंच करायचं होतं. गुरुजींनी ठेवली नाहीत. "जे पोरगं वर्गात नाई त्याले हजर कसं म्हणू?" हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कितीतरी वेळा ऐकलं. दर वेळी मान डोलवली. ऐकलं मात्र नाही, हे पुढे कळलंच.

बुटका माणूस, कान मोठे, आवाज मागच्या बाकापर्यंत जाणारा. माईक लावला तरी ते ओरडूनच बोलायचे, कारण माईकवर त्यांचा विश्वास नव्हता. शर्टाला दोन्ही बाजूंनी खिसे शिवून घेतलेले, उजव्यात खडू आणि डाव्यात चिंचोके. चिंचोक्यांचं पुढे सांगते. फळा पुसायला त्यांच्या बायकोने, मालतीबाईंनी, जुन्या स्वेटरची गादी शिवून दिली होती. ऑफिसात आले की आधीच स्वच्छ असलेला फळा पुन्हा पुसायचे. दुपारी रेकॉर्डिंग व्हायचं, संध्याकाळी हे लावायचे. पहिले तीन आठवडे गुरुजी इतकं पुस्तकी बोलले की बाजारात एक जण म्हणाला, गुरुजी टीव्हीत शिरले की पुण्याचे होतात. चौथ्या आठवड्यापासून ते घरच्यासारखं बोलायला लागले.

कार्यक्रमात काय असायचं? तर काहीही. तेंदूपान कधी तोडायचं, सातबारावर नाव कसं चढवायचं, धानावर कोणती कीड आली, सिरोंच्याकडचे लोक तेलुगूत मोजतात कसे. आणि या सगळ्यात एक चूक. मुद्दाम, बेमालूम, अगदी सरळ चेहऱ्याने टाकलेली. ही त्यांची शाळेतली सवय. वर्ग जागा आहे की नुसता डोळे उघडे ठेवून झोपला आहे, हे बघायला ते रोज फळ्यावर एक खोटं लिहायचे. टीव्हीवर तर समोर पोरंच नव्हती, मग चुकीशिवाय कळणार कसं?

पहिली चूक मला अजून आठवते. फळ्यावर मोहाचं झाड काढलं आणि म्हणाले, "मोहाचं फूल पडते ते भर पावसाळ्यात." कॅमेऱ्यामागे उभे असलेले आमचे हे हसायलाच लागले, तर गुरुजींनी डोळे वटारले. इथे शेंबडं पोरगंही सांगेल की मोह पडतो उन्हाळा लागता लागता. दुसऱ्या दिवशी बाजारात गुरुजी चहाच्या टपरीसमोर बाकावर बसले होते. आणि लोक येत होते. भाजीवाली आली, बांगड्यावाला आला, आलापल्लीचा टेलर सायकल आडवी टाकून आला.

"गुरुजी, काई बी सांगून राह्यले का? पावसाळ्यात मोह कुठी पडते?"

गुरुजी डाव्या खिशातून एक चिंचोका काढून समोरच्या रुमालावर ठेवायचे आणि उजव्या खिशातून एक खडू त्या माणसाच्या हातात द्यायचे. बक्षीस. पुढे पुढे अर्ध्या अहेरीत देवाजवळ, आरशामागे, पिठाच्या डब्यावर असे खडू पडलेले असायचे. त्या दिवशी रुमालावर ढीग झाला. गुरुजींनी तो मोजला, पुन्हा मोजला, आणि मला सांगायला खास ऑफिसात आले. "सुनंदाबाई, पट चांगला हाये." बघणाऱ्यांना ते प्रेक्षक कधीच म्हणाले नाहीत. पट म्हणायचे.

एक मात्र होतं. लाल खडूत चूक नाही. पांढऱ्यात लिहिलेलं खोटं असू शकतं, पण साप, वाघ, औषध आणि अर्जाची शेवटची तारीख लाल खडूने लिहायचे, आणि लाल खडू हातात घेतला की आधी सांगायचे, "आता पेन्सिली खाली ठेवा. हे खरं हाये." एकदा आमच्या यांनी सुचवलं, वाघ दिसला असं एखाद्या वेळी खोटंच टाकू, म्हणजे सगळा गाव बघेल. गुरुजी इतके भडकले की फळा सायकलला बांधायला निघाले. "ज्याच्यानं जीव जाते त्याच्यात मस्करी नाई करत, रमेशभाऊ!" मी चहा करून आणला तेव्हा कुठे थांबले, आणि तोही चहा त्यांनी उभ्यानेच घेतला.

सुरुवात नेहमी हजेरीने. कॅमेऱ्यात बघून गावांची नावं घ्यायचे. "अहेरी?" मग थांबायचे. अगदी तिकडून 'हजर' यायला जेवढा वेळ लागेल तेवढा. "आलापल्ली?" पुन्हा थांबायचे. "नागेपल्ली? महागाव? वांगेपल्ली?" हे कपाळाला हात लावायचे. म्हणायचे, या गप्प बसण्यात दोन जाहिराती आरामात बसतात. पण मी स्वतः लोकांच्या घरी पाहिलं आहे. आमच्या शेजारची म्हातारी गुरुजींनी अहेरी म्हटलं की खाटेवरून हात वर करायची.

आणि गंमत अशी की त्यांच्या स्वतःच्या घरी कार्यक्रम कुणी बघत नव्हतं. मालतीबाईंची सातला मालिका असायची. मी एकदा विचारलं, अहो, तुम्ही नाही का बघत गुरुजींना? तर म्हणाल्या, "घरी रोजच पायतो ना मी त्यायले. टीव्हीवर अजून कायले पाहू?" गुरुजींना त्याचं काही वाटत नव्हतं असं नाही, पण मालिका बंद करा असं ते कधी बोलले नाहीत. ते समोरच्या न्हाव्याच्या दुकानात उभे राहून स्वतःलाच बघायचे आणि न्हाव्याला म्हणायचे, बघ, चूक सापडते का.

मग दिवस फिरले. आधी घरांवर डिशच्या छत्र्या आल्या. मग पोरांच्या हातात मोबाइल आले, पोरांचे बघून बायांच्या हातात आले. आमच्याकडे रोज एखादा येऊन म्हणायचा, भाऊ, आमची लाइन काढून टाका. वांगेपल्लीची तर सगळी लाइनच गुंडाळावी लागली. मी भीतभीत गुरुजींना सांगितलं. त्या आठवड्यात हजेरीत त्यांनी "वांगेपल्ली" म्हटलं, थांबले, आणि म्हणाले, "वांगेपल्ली गैरहजर." पण नाव काढलं नाही. मेलेल्या माणसाचं नाव रेशन कार्डावर राहतं तसं ते राहिलं.

बाजारात रुमालावरचे चिंचोके कमी होत गेले. पहिल्यांदा ढीग मावत नव्हता, मग मूठभर, मग मोजायची गरजच पडू नये इतके. चूक सोपी करून बघितली गुरुजींनी. एकदा म्हणाले, धान उन्हाळ्यात ज्वारीसारखं उधळून पेरायचं, रोवणी करायची गरज नाही. इथल्या बाईमाणसाचं अर्धं आयुष्य चिखलात रोवणी करण्यात जातं, आणि तरी पाच जणी आल्या. गुरुजी बाकावर दुपारपर्यंत बसून राहिले. चहावाल्याने तीनदा चहा दिला.

आमचे हे वाईट माणूस नाहीत, हे सांगायला हवं. पण ते म्हणायचे, "पाहणारे कमी झाले म्हणजे कार्यक्रम खराब झाला असं नाई. पण कमी झाले त कार्यक्रम मरतेच. सिनेमाची गाणी लावू त्या वेळात." मी विषय बदलायचे. मला तो अर्धा तास हवा होता. दिवसभर फोनवर लोकांचं ऐकून घेतल्यावर आठवड्यातून एकदा कुणीतरी या ऑफिसात येऊन फळा पुसायचं, आणि ते ऑफिस जरा माणसात आल्यासारखं वाटायचं. एवढंच माझं. पण ते थोडं नव्हतं.

शेवटी गुरुजींनीच विषय काढला. फळा पुसता पुसता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "सुनंदाबाई, दहाच्या खाली पट गेला की शाळा राह्यत नाई. ज्या बाजाराले दहा चिंचोके नाई झाले, त्या बाजाराले आपण बंद करू. कोणाले सांगायला लावू नोका."

पुढच्या बाजाराला मी सकाळीच गेले. आणि मी ते केलं.

काही अवघड नव्हतं. रेकॉर्डिंगला मी हजर असायचेच, चूक मला माहीत असायची. बांगड्यावाल्याला सांगितलं, भाजीवालीला सांगितलं, चपलावाल्याला, टेलरला. "गुरुजी बसले ना तिकडे, त्यांना जाऊन म्हण, तेंदूच्या पुड्यात पन्नास पानं कुठी असतात, सत्तर असतात." ते हसले, आणि गेलेही. गुरुजींबद्दल सगळ्यांना माया होती. बघायला वेळ नव्हता, पण माया होती. त्या दिवशी बारा चिंचोके झाले. गुरुजी ऑफिसात आले ते जवळजवळ पळतच. "पट वाढून राह्यला, बाई!" मी म्हटलं, बघा, मी सांगत नव्हते का. माझी जीभ जराही अडखळली नाही.

पाच-सहा महिने मी हे चालवलं. दर वेळी मी माणसं बदलत होते, म्हणजे संशय नको. सोय म्हणून आदल्या दुपारीच, रेकॉर्डिंग झालं की लगेच निरोप देऊन ठेवायला लागले. गुरुजी फुलले. निळा खडू आणला. वांगेपल्ली गैरहजर म्हणणं बंद करून पुन्हा नुसतंच थांबायला लागले, न जाणो कुणी म्हणेलही हजर. यांना संशय आला होता, पण हे काही बोलले नाहीत. मला स्वतःला तर वाटायला लागलं होतं की मी पुण्य करते आहे.

आणि मग माकडं आली.

आमच्याकडे माकडं तारेवर झोके घेतात, हे नवीन नाही. पण त्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला एक दांडगा हुप्प्या ऑफिसातून निघणाऱ्या मुख्य तारेवरच उतरला आणि तार तुटली. सगळी अहेरी बंद. हे शिडी घेऊन धावले, मी फोन घेत बसले. एक ठेवला की दुसरा. नऊला लाइन आली. 'आठवडी फळा' त्या दिवशी लागलाच नाही. आणि मी दुपारी ज्यांना ज्यांना सांगून ठेवलं होतं, त्यांना थांबवायचं माझ्या डोक्यातून पार निसटलं. खोटं बोलणाऱ्याला सगळं लक्षात ठेवावं लागतं. मला फोनमुळे जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी गुरुजी आले. चप्पल बाहेर काढली. खुर्चीवर बसले नाहीत. रुमाल टेबलावर ठेवून त्याची गाठ सोडली.

"काल लाइन किती वाजता गेली होती, बाई?"

"साडेसहाला, गुरुजी. माकडानं तोडली."

"आली कवा?"

"नऊला." हे म्हणेपर्यंत मला कळलं होतं.

"मी न्हाव्याकडे उभा होतो. पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसत होत्या." त्यांनी रुमालातले चिंचोके बोटाने सरकवले. "चौदा जणांनी सांगतलं, गुरुजी, वर्धा अन् वैनगंगा मिळून इंद्रावती नाई होत, प्राणहिता होते. बराबर सांगतलं. मी चौदा खडू देऊन आलो."

मी म्हटलं, "गुरुजी, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून..."

"कवापासून?"

मी सांगितलं. ते चिडले असते तर मला सोसलं असतं. वाघाच्या वेळी चिडले होते तसे चिडावेत म्हणून मी वाट बघत होते.

"मी नऊ पोरायची शाळा बंद होऊ देल्ली," ते म्हणाले. "दोन नावं ठेवली असती त वाचली असती. तुमाले मी हे किती डाव सांगतलं, बाई. अन् तुमी माह्याच वर्गात खोटी हजेरी भरली."

चिंचोके टेबलावरच राहिले. रुमाल तेवढा झटकून घेऊन गेले.

मला वाटलं, आता येत नाहीत. पण पुढच्या आठवड्यात वेळेवर आले. माझ्याशी एरवीसारखंच बोलले, तेच जास्त लागलं. फळा पुसला. हजेरी घेतली, एकेक गाव, थांबत थांबत. त्या दिवशी ते इतके थांबले की यांनीही कपाळाला हात लावला नाही. मग खिशातून लाल खडू काढला. "पेन्सिली खाली ठेवा," म्हणाले. आणि फळ्यावर मोठ्या, सुबक अक्षरात लिहिलं:

'हा फळा कोणी पाहत नाही.'

खाली रेघ मारली. "हे खरं हाये. मनून आज शेवटचा दिवस. शाळा सुटली." आणि कॅमेऱ्याला नमस्कार केला. यांनी माझ्याकडे बघितलं, लावू का म्हणून. मी म्हटलं, लावा. दुसरं काही म्हणायचा मला अधिकारच उरला नव्हता. त्या संध्याकाळी माकडं आली नाहीत. लाइन जराही हलली नाही.

दुसऱ्या दिवशी बाजाराला गुरुजी गेले नाहीत. सोळा वर्षांत पहिल्यांदा तो बाक रिकामा होता. आणि लोक आले.

मी देवाशपथ सांगते, मी एकालाही सांगितलं नव्हतं. चहावाल्याने आधी दोघा-तिघांना परत पाठवलं, मग त्याला सुचेना, तर तो सगळ्यांना आमच्या ऑफिसाकडे पाठवायला लागला. आलापल्लीच्या एका किराणावाल्याने दारातूनच विचारलं, "गुरुजी कुठी हायेत? लाल खडूत चूक केली त्यायनं काल!" एक पोलिसपाटील आले. नागेपल्लीच्या दोन नर्स आल्या, ड्युटी संपवून. म्हणाल्या, "आमी क्वार्टरात पायतो ना. लाल खडूत चूक नसते म्हणतात अन् स्वतःच काऊन केली?" ज्यांना मी कधी बघितलंही नव्हतं अशी माणसं. लाल खडूचा नियम त्यांना माझ्याइतकाच पाठ होता.

महागावची एक म्हातारी नातीला घेऊन आली. बाजाराची पिशवी खाली ठेवून ती भिंतीला टेकून बसली. मी विचारलं, बाई, तुम्ही याआधी कधी चूक सांगायला आला नाहीत?

"गुरुजीच्या तोंडावर चूक कशी काढाची, बाई?" ती म्हणाली. "दर हप्त्याले पायतो आमी. चूक कळते. घरात हासतो. पण मोठ्या माणसाले जाऊन कसं म्हणाचं, तुमी चुकले म्हणून? आजच आली. हे बराबर नाई लिवलं त्यायनं. आमी पायतो ना."

तेव्हा मला कळलं की गुरुजींचं मापच चुकलं होतं. बाजारातले बोलके लोक येऊन चूक सांगायचे, तेवढ्यांचाच पट ते मोजत होते. जे मान राखून घरात गप्प बसायचे त्यांचा चिंचोका कधी पडलाच नाही. सोळा वर्षं. आणि मी त्या मापात माझी माणसं भरत बसले होते.

टेबलावर ते चौदा चिंचोके तसेच होते. मी ते बाजूला केले आणि डब्यातून नवे काढले, एकेका माणसामागे एक. संध्याकाळपर्यंत सव्वीस झाले. रुमालात बांधून मी गुरुजींच्या घरी गेले. मालतीबाईंची मालिका चालू होती. गुरुजी अंगणात फळ्याची चौकट सोडवत होते. मी सगळं सांगितलं. किराणावाला, नर्स, महागावची म्हातारी तिच्या शब्दांत सांगितली.

गुरुजींनी हातातलं काम थांबवून सगळं ऐकलं. मग रुमालाकडे बघितलं. उघडला नाही.

"सुनंदाबाई," ते अगदी हळू, समजुतीने म्हणाले, आवाज मागच्या बाकापर्यंत जाणारा नव्हता. "तुमी चांगल्या हायत. पण आता राहू द्या."

मी रडले. शपथा घेतल्या. म्हटलं, चला माझ्याबरोबर महागावला. ते म्हणाले, "पोरगं दुसऱ्यांदा कॉपी करते ना, तवा त्याले रागावत नसतो मी." मालतीबाईंनी आतून चहा आणला. मी तो घेतला, आणि रुमाल तिथेच पायरीवर ठेवून आले. पुढे त्याचं काय झालं मला माहीत नाही.

चॅनेल नंतर महिनाभर सिनेमाच्या गाण्यांवर चाललं, मग यांनी तेही बंद केलं. गुरुजी दिसायचे. हसून बोलायचे. बाजाराला जायचे ते नुसती भाजी घेऊन यायचे, बाकाकडे वळत नसत. एकदोघांनी त्यांना रस्त्यात गाठून फळ्याचं विचारलंही असेल. त्यांनी ऐकून घेतलं असेल आणि मनात म्हटलं असेल, हाही बाईंनी पाठवलेला.

मागच्या वर्षी त्यांच्या मुलाने दोघांनाही चंद्रपूरला न्यायचं ठरवलं. मी बसस्टँडवर गेले. मालतीबाई आधीच खिडकीत बसल्या होत्या. गुरुजी खाली उभे राहून सामान मोजत होते. मी जरा लांब, रसवंतीच्या आडोशाला थांबले, जवळ जायचा धीर होईना.

तेवढ्यात सिरोंच्याच्या बसमधून एक माणूस उतरला. काळासावळा, डोक्याला पंचा, खांद्यावर कुऱ्हाडीचा नुसता दांडा. मी त्याला आधी कधी बघितलेलं नाही, नंतरही नाही. त्याने गुरुजींना बघितलं आणि गर्दीतून ओरडला, "ओ गुरुजी! लाल खडूत चूक केली ना तुमी! तवापासून शोधून राह्यलो तुमाले!"

गुरुजींचा हात सवयीने उजव्या खिशात गेला. एखादा तुकडा असावा, तो त्यांनी त्या माणसाच्या हातात ठेवला. तो माणूस काहीतरी आणखी सांगत होता, हातवारे करून, घरी कोण कोण बघायचं ते बहुतेक. पण गुरुजी त्याच्याकडे बघत नव्हते. ते मान उंचावून गर्दीत शोधत होते. रसवंतीपाशी मी त्यांना सापडले. माझ्याकडे बघून त्यांनी 'आता राहू द्या' अशी मान हलवली, मायेनेच, आणि बसमध्ये चढले.